अर्धी राहिलेली टेकडी

गाडेकर बाईंच्या धाकट्या भावाचा, दत्तूचा, फोन आला तेव्हा छपाईच्या मशीनवर कुठल्याशा शाळेच्या प्रगतिपुस्तकांचं काम चालू होतं आणि त्या आवाजात मला त्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. "दादा, अक्का गेली," असं तो दोनदा म्हणाला. मला वाटलं, गावाकडं गेली. मशीन बंद करायला लावलं तेव्हा कळलं. सकाळी मुकुंदवाडीच्या स्टॉपवर बाई बसची वाट बघत बाकावर टेकल्या होत्या. बस आली, लोक चढले, बाई उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दत्तू रडत होता आणि मला रडू येत नव्हतं. मला राग आला होता. "अहो, पण ते काम पुरं व्हायचं होतं ना," असं मी त्यालाच म्हणालो. धाकट्या भावाला अशा वेळी काय बोलतोय, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. दीड महिना होऊन गेला, तो राग अजून गेलेला नाही. पुरवणीच्या संपादकांनी 'त्यांच्या प्रेरणांविषयी लिहा' असं सांगितलं आहे. प्रेरणा हा शब्द ऐकला की बाई खिडकीबाहेर बघायच्या. तरी लिहितो.

मैना गाडेकर. करमाडच्या शाळेत चित्रकलेच्या बाई, आणि शाळेतून उरलेल्या वेळात मुद्राचित्रकार. म्हणजे लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, वर शाईचा रोलर फिरवायचा आणि कागद ठेवून छाप घ्यायचा. मी औरंगपुऱ्यातला छापखानेवाला. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिलं. त्यांचा आणि माझा संबंध आला तो हातानं एकेक छाप काढायच्या एका जुन्या प्रूफ मशीनमुळं. वडिलांच्या काळातले अक्षरांचे शिशाचे खिळे आणि पायानं चालवायचं ट्रेडल मशीन मी भंगारात काढत होतो, कारण ऑफसेटशिवाय धंदा चालणार नाही हे उघड झालं होतं. ते प्रूफ मशीन तेवढं वजनामुळं जागचं हललं नव्हतं. कुठून तरी त्यांना ते कळलं. बगलेत कापडात गुंडाळलेली फळी घेऊन त्या दुपारी दुकानात आल्या, मशीनच्या लोखंडावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे विकू नका. मी रविवारी येत जाईन." विचारलं नाही, सांगितलं. आणि पुढं खरंच रविवारी येत गेल्या, मशीन माझं असून रविवारी माझं राहिलं नाही.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. त्यांचा पहिला छाप डावीकडं फिका आला. मी म्हणालो, थांबा, खाली कागदाच्या दोन पट्ट्या सरकवतो, मग सगळे छाप एकसारखे येतील. पट्ट्या सरकवल्या, छाप झकास आला. बाईंनी तो बघितला, बाजूला ठेवला आणि पट्ट्या काढून टाकल्या. "सारखे करू नका, दादा." आता माझ्या वडिलांनी मला जन्मभर एकच गोष्ट शिकवली होती. पहिली पत्रिका आणि शेवटची पत्रिका शेजारी ठेवली तर कोणती पहिली ते ओळखू येता कामा नये. छपाई म्हणजे तेच. मी म्हणालो, "मग छापता कशाला? हातानं काढा की वेगवेगळी." त्या शांतपणे रोलर पुसत होत्या. "हातानं काढलं तर मी बदलले असं होतं. ठसा एकच ठेवला आणि तरी फरक पडला, तर तो फरक कागदाचा असतो, शाईचा असतो, त्या दिवशीच्या हवेचा असतो. मला तो बघायचा आहे." मला हे त्या दिवशी पटलं नाही. नंतरही फारसं पटलं नाही.

त्यांचं घराणं फुलंब्रीकडचं, मेंढरांचं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन पैठणच्या अंगाला उतरायचे, पाचोडच्या बाजारात काही मेंढरं विकायचे, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी कळप बसवायचे. कळप एकमेकांत मिसळले तर ओळख राहावी म्हणून प्रत्येकाची खूण ठरलेली असे. यांच्या वडिलांनी बाभळीच्या तुकड्यावर एक आडवी रेघ आणि खाली ठिपका कोरला होता. तो लाल रंगात बुडवायचा आणि मेंढीच्या पाठीवर दाबायचा. हे काम लहानपणी मैनाकडं होतं. मेंढी काही गप्प उभी राहत नाही. कुठं रेघ फरफटायची, कुठं ठिपकाच उठायचा, कुठं लोकरीच्या वळणात सगळं बुडून जायचं. "तुमचे वडील चिडत नसत का?" मी विचारलं. "बाबा म्हणायचे, खूण आपलीच हाय ना, मग झालं." कॉलेजात शिकताना त्यांनी पहिली मालिका केली ती याचीच. एकच रेघ, एकच ठिपका, आणि कागदावर पंचवीसएक पाठी. कोणतीही दोन चित्रं सारखी नाहीत. आज सगळे त्या मालिकेला अप्रतिम म्हणतात. तेव्हा त्यांच्या शिक्षकांनी विचारलं होतं की यातलं खरं चित्र कोणतं.

हा प्रश्न त्यांचा जन्मभर पिच्छा पुरवत राहिला. यातलं खरं कोणतं, चांगलं कोणतं, एखादं निवडून द्या. बाईंना निवडता येत नव्हतं असं नाही. त्या निवडत नव्हत्या. पावसानं सलग दगा दिला त्या वर्षांत त्यांनी हंड्यांची मालिका केली. मुकुंदवाडीच्या गल्लीत टँकरसाठी हंडे रात्रीपासून रांगेत लावलेले असत, सकाळी शाळेला जाण्याआधी त्या एका हंड्याचं चित्र वहीत काढत. प्रत्येकाचा पोचा वेगळा. एका मासिकवाल्यानं त्यातला एक मुखपृष्ठासाठी मागितला, तर म्हणाल्या, "रांगेतला एक उचलला तर बाकीच्या बायका भांडतील." मी हसलो, त्या हसल्या नाहीत. मासिकवाल्यानं दुसऱ्या कुणाचं तरी सूर्यास्ताचं चित्र लावलं.

त्याच वर्षांतली आणखी एक गोष्ट. कागजीपुऱ्याचा हातकागद त्या वापरत आणि छापण्याआधी तो ओलसर करावा लागे, म्हणजे शाई नीट बसते. माझ्याकडंही नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. एका रविवारी त्यांनी बाटली काढली, कागदाकडं बघितलं आणि बाटली परत पिशवीत ठेवली. कोरड्याच कागदावर छापलं. काळ्या भागात सगळीकडं पांढरे बारीक कण राहिले, जणू चित्रावर धूळ बसली आहे. माझा जीव तळमळला. एवढं कोरलेलं, आणि छपाई अशी गरिबाघरची. मी म्हणालो, "मी टँकरचं पाणी देतो, पुढच्या रविवारी पुन्हा घ्या." त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पुढचं." त्यानंतर पाऊस झाला तेव्हाच त्यांनी कागद पुन्हा भिजवला. आता ती चित्रं ओळीनं बघितली की कोणतं वर्ष कोरडं होतं ते तारखेशिवाय कळतं. पण हे मला आत्ता, त्या गेल्यावर दिसतंय, याचाच संताप येतो.

आता टेकडी. करमाडच्या शाळेच्या खिडकीतून म्हसोबाची टेकडी दिसायची. परतीच्या वाटेवर त्यांच्या वडिलांचा कळप या टेकडीवर चरायचा, म्हणून ती त्यांना वर्गात बसूनही पायाखालची होती. शहर वाढत चाललं होतं, शेंद्र्याकडं कारखाने उभे राहत होते, रस्ते रुंद होत होते, आणि या सगळ्याला मुरूम आणि खडी लागते. टेकडी पोखरायला सुरुवात झाली. सुरुंग उडाला की वर्गाच्या काचा थरथरायच्या, मुलं चित्रं काढता काढता खाली वाकायची. बाईंनी एक मोठी सागवानी फळी घेतली आणि तिच्यावर टेकडी कोरली, जशी होती तशी, पुरी. लाकडी ठशात जेवढं लाकूड उरतं तेवढं काळं उमटतं, कोरून काढलेलं पांढरं राहतं. टेकडीचं सगळं लाकूड उभं होतं, म्हणून ती कागदावर भरघोस काळी आली. त्या फळीचे त्यांनी मोजकेच छाप घेतले. मग पुढच्या वेळी टेकडीचा जेवढा भाग खाणीनं नेला, तेवढाच भाग त्यांनी त्याच फळीवरून कोरून काढला आणि पुन्हा छाप घेतला. मग पुन्हा, त्या कोरड्या वर्षांतही. फळी एकच, टेकडी एकच. कोरलेलं लाकूड काही परत येत नाही, त्यामुळं आधीचं चित्र पुन्हा छापायची सोयच नाही.

पहिला छाप मशीनवरून उचलून मी उजेडात धरला. आयुष्यभर इतका काळा रंग मी छापला नाही. मी जालना रोडवरच्या एका हॉटेलवाल्याला तो दाखवला, त्याची मेन्यूकार्डं माझ्याकडं होती. त्याला इतका आवडला की प्रत्येक खोलीत एकेक लावायचं त्यानं ठरवलं. मी रिक्षा करून थेट मुकुंदवाडीला गेलो. बाई दारातच उजेडाला बसल्या होत्या, मांडीवर फळी, हातात पटाशी, पायाशी लाकडाचा भुगा. मी आनंदानं सांगायला लागलो आणि सांगता सांगताच माझी नजर फळीकडं गेली. टेकडीचा डावा खांदा नव्हता.

"हे काय केलंत?"

"काल तिकडचा खांदा गेला, दादा. शाळेतून बघितलं."

"अहो, तो काल गेला म्हणून फळीवरचा आजच जायला पाहिजे का? चार दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

"ते थांबले नाहीत," त्या म्हणाल्या. आणि चहा टाकायला उठल्या.

तो चहा मी प्यायलो नाही. हॉटेलवाल्याला काय सांगू? त्याला सांगितलं तर म्हणाला, मग दुसरी टेकडी करायला सांगा की बाईंना. आज त्याच्या खोल्यांत धबधब्यांची छापील चित्रं आहेत. मराठवाड्यात, धबधबे.

प्रदर्शनाची गोष्टही अशीच. शहरातल्या एका सभागृहानं मोठ्या मनानं दालन दिलं. निमंत्रणपत्रिका मी छापल्या, माझ्या खर्चानं नाही पण माझ्या हौसेनं, चांगल्या आयव्हरी कार्डावर. आदल्या दिवशी टेकडीची चित्रं लावायला गेलो तर भिंतीवर निम्मीच मावतात. व्यवस्थापक भला माणूस होता. म्हणाला, मॅडम, त्यातली उत्तम तेवढी घ्या, बाकीची फाइलमध्ये ठेवू, ज्यांना बघायची ते बघतील. बाईंनी हातानं भिंत मोजली, पुन्हा मोजली. मग म्हणाल्या, "भिंत आखूड आहे." त्यानं समजावलं, मी समजावलं, शेवटी मी आवाज चढवला. "बाई, लोकांना कळेल हो. एवढी निम्मी बघून उरलेली समजतील." "निम्मी टेकडी गेली तेव्हा लोकांना कुठं कळलं?" एवढं बोलून त्यांनी चित्रं गुंडाळली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्रिका घेऊन माणसं आली. रिकाम्या दालनाच्या दारात गाडेकर बाई इस्त्रीची साडी नेसून उभ्या, येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करून सांगतात, "भिंत आखूड पडली." काही लोकांना वाटलं, हेच प्रदर्शन आहे. मी बाहेर पानटपरीवर उभा राहिलो, आत जायचं मला धाडस झालं नाही.

इतकं सगळं करून टेकडीची मालिका पुरी तरी व्हायला हवी होती. तिचा शेवट ठरलेला होता, बाईंनी मला अनेकदा सांगितला होता. एक दिवस टेकडी संपेल, फळीवर फक्त क्षितिजाची एक बारीक रेघ उरेल, तो शेवटचा छाप. मग फळी ठेवून द्यायची. पण खाण बंद पडली. कुणी म्हणालं परवाना संपला, कुणी म्हणालं भागीदारांचं भांडण झालं. यंत्रं गेली, धूळ बसली, आणि टेकडीचा उजवा एक कोंब तसाच उभा राहिला, किडलेल्या दाढेसारखा. वर्ष गेलं, दोन गेली. बाई निवृत्त झाल्या तरी दर रविवारी सकाळी बसनं करमाडला जायच्या, बघून यायच्या आणि दुपारी माझ्याकडं येऊन नुसत्या बसायच्या. मशीन कोरडं. टेकडीच्या पायथ्याला तोवर प्लॉट पडले आणि 'टेकडी दर्शन' असा फलक लागला. तो मी त्यांच्यासोबत एकदा बघितला. त्या फलकाखाली आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो. एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता, त्याला बाईंनी विचारलं, "काका, हे उरलेलं कधी काढणार म्हणतात?"

"काय माईत, बाई. काढतील नाय तर ऱ्हाऊ देतील. तुम्हाला काहून पायजे? मुरूम पायजे का?"

"नाही, मुरूम नको," बाई म्हणाल्या.

परतताना बसमध्ये मी न राहवून म्हणालो, "तुम्हीच कोरून टाका की उरलेलं. शेवट तुम्हाला माहीत आहे. कोण विचारायला येणार आहे?" त्या चिडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं बघितलं ते तेवढंच. "जे झालं नाही ते कसं कोरू? ती राहिली तर माझं काम अर्धं राहतं. माझं काम पुरं व्हायचं तर ती जायला पाहिजे. रविवारी तिकडं जाताना मी काय मागत जाते, मला कळत नाही, दादा. उभी दिसली की बरं वाटतं, आणि उभी दिसली की वैताग येतो." मुकुंदवाडी आली तशा त्या पिशवी सावरत उठल्या. त्या दिवशी त्या ज्या स्टॉपवर उतरल्या, तिथंच पुढं बसची वाट बघताना...

त्या गेल्यावर बाराव्या दिवसाच्या आतच चित्रं जमवणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. शोक व्यक्त करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "फळी तुमच्याकडंच आहे ना? मग शेवटच्या अवस्थेच्या आणखी प्रती काढता येतील." मी म्हणालो, मशीन भंगारात दिलं. खोटं बोललो. मशीन इथंच आहे.

आणि मग दत्तू आला. फुलंब्रीकडं थोडी शेती, थोडी मेंढरं, असा त्याचा संसार. बहिणीवर जीव टाकणारा माणूस. चित्रांचं भेंडोळं त्याच्या काखेत होतं. म्हणाला, "दादा, पाव्हण्यांत वाटून टाकावं म्हन्तो. एकेकाला एक. सगळ्यांच्या घरी अक्का ऱ्हाईल." ज्या बाईनं हॉटेल सोडलं, मासिक सोडलं, स्वतःचं प्रदर्शन मोडलं, तिच्या टेकडीचे तुकडे आता सोयऱ्यांच्या घरी कॅलेंडरशेजारी जाणार होते. मी त्याला मालिका म्हणजे काय ते सांगायला लागलो. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि शेवटी म्हणाला, "पर दादा, घरात लोळत पडन्यापेक्षा माणसाच्या डोळ्यांसमोर ऱ्हाईल ते बरं नाय का?" मी म्हणालो, संग्रहालयात देऊ. कुठल्या, ते मला सांगता येईना. तो भेंडोळं घेऊन गेला आणि मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिलो.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोचा, कमलचा, फोन आला. "भाऊजी, जेवायला या." मनात नव्हतं, तरी गेलो. त्यांचं नवं घर गावठाणातल्या चिंचोळ्या जागेवर बांधलेलं, एकामागं एक खोल्या आणि बाजूनं दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ लांब बोळ. त्या बोळाच्या भिंतीवर टेकडी होती. सगळी, एकही कमी नाही. देवाच्या तसबिरींना लावतात तसल्या सोनेरी चौकटी, आणि काचेवर कुणाच्या तरी पोरांच्या बोटांचे ठसे. "वाटून टाकलं की मेल्या माणसाचं सामान व्हतं," कमल म्हणाली, "म्हनून मीच नको म्हनलं." मी मान डोलावली. पण सवय वाईट. दोन पावलं चाललो आणि लक्षात आलं, क्रम उलटा लागला आहे. दाराजवळ तो किडका कोंब, आणि पुढं जाल तशी टेकडी वाढत जाते, अगदी आत चुलीजवळ पुरी उभी. मी म्हणालो, "वहिनी, हे उलटं झालंय. बाईंनी पुरी टेकडी आधी केली होती. दत्तूला शिडी आणायला सांगा, मी लावून देतो."

कमल हात पुसत बाहेर आली. "उलटं नाय, भाऊजी. मी इचार करून लावलं. दिसभर रानातून शिणून येतो आमी. घरात शिरताना ती वाढत जाती, ते बरं वाटतं."

"आणि बाहेर जाताना?"

"जाताना अक्कानं केली तशीच दिसती की."

मी शिडी मागितली नाही. जेवलो. दत्तूनं बाईंच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या बऱ्याच मला ठाऊक होत्या, तरी ऐकल्या. निघताना त्या बोळातून दाराकडं चाललो आणि चौकटीमागून चौकट टेकडी कमी कमी होत गेली, पहिल्यांदा डावा खांदा, मग माथा, मग धूळ बसल्यासारखी ती दुष्काळातली वर्षं. दाराशी येऊन चप्पल पायात घातली. दत्तू मोटरसायकल चालू करून वाट बघत होता. मी चप्पल काढली, कमलला म्हणालो, घोटभर पाणी द्या, आणि पुन्हा आत गेलो.